सोरायसिस आणि टेलिमेडिसिन: फोटो कुठवर पुरतो?

प्रस्तावना

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एक विषय आणला. त्वचेचा फोटो काढला की सोरायसिस आहे की नाही हे सांगणारे मोबाइल ॲप त्यांना बनवायचे होते. सादरीकरणाच्या वेळी प्रयोगशाळेतले आमचे मदतनीस मागे उभे राहून ऐकत होते. त्यांना स्वतःला बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. सगळे संपल्यावर त्यांनी कन्नडमध्ये विचारले, "मॅडम, मला काय झालंय ते मला माहीत आहे. दर वेळी रजा न टाकता औषध बदलून मिळेल, असं काही हे ॲप करतं का?"

विद्यार्थ्यांकडे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. हा पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे. मी डॉक्टर नाही, संदेशवहन आणि प्रतिमा-प्रक्रिया शिकवते. त्यामुळे औषधोपचाराचा सल्ला इथे शोधू नका, तो त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यायचा. त्वचेवरची माहिती गावातल्या आरोग्य केंद्रातून शहरातल्या तज्ज्ञापर्यंत पोहोचताना तिचे काय होते, आणि ती नीट पोहोचावी म्हणून व्यवस्था कशी बांधावी, हे आपण पाहू.

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:
१. सोरायसिसमध्ये निदान आणि व्यवस्थापन या दोन वेगळ्या कामांना कोणती माहिती लागते.
२. फोटोत त्यांपैकी काय टिकते आणि काय हरवते.
३. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत टेलिमेडिसिनचा खरा उपयोग कुठे आहे.

१. आजाराची तोंडओळख

सोरायसिस हा संसर्गजन्य आजार नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडल्याने होणारा तो दीर्घकालीन दाह आहे. निरोगी त्वचेत खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच चक्र काही दिवसांत उरकते. पेशी पक्व होण्याआधीच वर येऊन साचतात. त्यामुळे त्वचा जाड होते, लाल दिसते आणि तिच्यावर चांदीसारखे पांढरट पापुद्रे धरतात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याची त्वचा या नेहमीच्या जागा. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डेही पडतात.

बहुतेक रुग्णांना चट्ट्यांचा हा प्रकार असतो. याखेरीज घसा दुखून गेल्यावर अंगभर उठणारे थेंबासारखे ठिपके, काखेत-जांघेत होणारा गुळगुळीत प्रकार, पू असलेल्या पुटकुळ्यांचा प्रकार आणि जवळजवळ सगळी त्वचा लाल होणारा गंभीर प्रकारही आहे. काही रुग्णांच्या सांध्यांवर परिणाम होतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर सांध्यांचे कायमचे नुकसान होते.

भारतातल्या पाहण्यांमध्ये सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. हा आजार आटोक्यात ठेवता येतो, पण मुळापासून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेने २०१४ मध्ये सोरायसिसविषयी ठराव केला आणि २०१६ मध्ये संघटनेचा जागतिक अहवाल आला. चुकीचे किंवा उशिरा होणारे निदान, अपुरे उपचार आणि समाजाकडून होणारी हेटाळणी यांमुळे लोक विनाकारण सोसतात, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. आपल्याकडे चट्टे दिसले की लोक कुष्ठरोगाची शंका घेतात, शेजारी बसायचे टाळतात. हा त्रास कोणत्याही फोटोत दिसत नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा.

२. टेलिमेडिसिन: चामराजनगरपासून ई-संजीवनीपर्यंत

कर्नाटकात दूरस्थ उपचारांचा प्रयोग जुना आहे. २००२ मध्ये इस्रोच्या उपग्रह-संपर्काने बेंगळुरूचे नारायण हृदयालय, चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय आणि सरगूरचे विवेकानंद स्मारक रुग्णालय जोडले गेले. हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी तिकडे काढायचा आणि तो इकडच्या तज्ज्ञाने पाहायचा, अशी कल्पना होती.

आज हे काम उपग्रहाऐवजी मोबाइल इंटरनेटवर चालते. मोहालीच्या सी-डॅकने विकसित केलेल्या ई-संजीवनी सेवेचे दोन प्रकार आहेत. पहिला नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात गावचे आरोग्य केंद्र हे चाकाच्या आऱ्याचे टोक आणि तज्ज्ञ डॉक्टर बसतात ते चाकाचा तुंबा. आऱ्याच्या टोकाशी समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णासोबत असतो. दुसरा प्रकार टाळेबंदीच्या काळात, १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाला. त्यात रुग्ण घरूनच थेट डॉक्टरांशी बोलतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवर १० कोटी सल्लामसलती झाल्या होत्या.

या दोन प्रकारांतला फरक आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. पहिल्यात रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस आहे. तो चट्ट्याला हात लावू शकतो, उजेड बदलू शकतो, फोटो पुन्हा काढू शकतो. दुसऱ्यात रुग्ण एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताचे कोपर दाखवण्याची कसरत करत असतो. पाठीवर चट्टे असतील तर तेही जमत नाही.

कायद्याची चौकट २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दिली. त्यातल्या तीन गोष्टी पाहा. पहिली, टेलिमेडिसिन पुरेसे आहे की रुग्णाला समक्ष बोलवायचे, हे ठरवण्याचा अधिकार आणि जबाबदारी डॉक्टरची आहे. दुसरी, पहिल्या भेटीत कोणती औषधे देता येतात आणि फेरतपासणीत कोणती, याच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. तिसरी, त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत रुग्णाला समक्ष पाहिले असेल, तर त्या दूरस्थ भेटीला फेरतपासणी समजले जाते. म्हणजे एक समक्ष भेट आणि तिच्या आधाराने अनेक दूरस्थ भेटी, असा आराखडा नियमांतच सुचवलेला आहे. सोरायसिसला तो नेमका लागू पडतो.

३. फोटो ही मोजणी आहे का?

ईसीजीच्या कागदावर १ मिलीव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची आणि १ सेकंद म्हणजे २५ मिलिमीटर लांबी, हे जगभर प्रमाण आहे. चामराजनगरचा ईसीजी बेंगळुरूत वाचता आला तो या प्रमाणामुळे. त्वचेच्या फोटोला असे कोणतेही प्रमाण नसते. फोटो किती अंतरावरून काढला, उजेड कोणता होता, फोनने आपल्या मनाने काय बदलले, यातले काहीच डॉक्टरला कळत नाही. म्हणून फोटो हे मोजमाप म्हणून वापरायचे असेल तर प्रमाण आपल्याला घालावे लागते. चार मुद्दे पाहू.

(अ) बारकावा. समजा फोनचा कॅमेरा ४००० × ३००० बिंदूंचा फोटो काढतो. तुम्ही ४० सेंटिमीटर लांबीचा हात पूर्ण चौकटीत घेतला, तर दर मिलिमीटरला १० बिंदू मिळतात. नखावरचा अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा पाच बिंदूंत येतो, म्हणजे दिसू शकतो. आता तोच फोटो संदेशाच्या ॲपमधून पाठवला आणि ॲपने लांबी १६०० बिंदूंवर आणली, तर मिलिमीटरला चारच बिंदू उरतात. खड्डा दोन बिंदूंत मावतो आणि जेपीईजी संक्षेपात पुसला जातो. उपाय सोपा आहे: एक फोटो पूर्ण भागाचा आणि एक १० सेंटिमीटर चौकटीचा जवळून. जवळच्या फोटोत १६०० बिंदूंनाही मिलिमीटरला १६ बिंदू पडतात.

(आ) रंग. फोनचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स पांढऱ्या रंगाचा अंदाज बांधून सगळे रंग सरकवतो. मागे निळी भिंत असली तर लाली वाढलेली दिसते, पिवळ्या बल्बखाली वेगळीच दिसते. शिवाय सावळ्या त्वचेवर सोरायसिसची लाली लाल दिसतेच असे नाही, ती जांभळट किंवा गडद तपकिरी दिसते. चट्ट्याशेजारी पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवली, तर रंग आणि माप या दोन्हींना आधार मिळतो. चेहरा 'सुंदर' करणारे फिल्टर बंद आहेत ना, तेही तपासा. ते पापुद्रेच गुळगुळीत करून टाकतात!

(इ) जाडी. सपाट फोटोत उंची हरवते. समोरून फ्लॅश मारला तर जाड चट्टाही सपाट दिसतो. उजेड बाजूने, तिरका पडू दिला तर चट्ट्याच्या कडेची सावली उमटते आणि जाडीचा अंदाज येतो. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने बोट फिरवून 'जाड, मध्यम, सपाट' अशी नोंद केली तर त्याहून बरे.

(ई) वेळ आणि बँडविड्थ. ४ मेगाबाइटचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदाला १ मेगाबिट वर चढवणाऱ्या जोडणीवर त्याला सुमारे ३२ सेकंद लागतात. सहा फोटोंना तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्याच जोडणीवर थेट व्हिडिओ चालतो, पण त्याचा दर सांभाळण्यासाठी चित्र इतके दाबले जाते की बारकावे उरत नाहीत. म्हणून त्वचारोगात 'साठवा आणि पाठवा' पद्धत महत्त्वाची: फोटो आधी पूर्ण दर्जात पाठवायचे आणि व्हिडिओ बोलण्यासाठी ठेवायचा. दोन्हींचे हे मिश्रण ग्रामीण जोडणीवरही चालते.

४. निदान: सोरायसिस की आणखी काही?

पापुद्रे धरलेला लाल चट्टा म्हणजे सोरायसिसच, असे नाही. तो गजकर्ण असू शकतो, इसब असू शकतो, डोक्यावर असेल तर साधा कोंडाही असू शकतो. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. गजकर्णावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावण्याची सवय सर्वदूर आहे. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी वाढतच राहते आणि चट्ट्याचे रूप बदलते. मग ते गजकर्ण गजकर्णासारखे दिसत नाही. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झाला, तरी सवय मोडलेली नाही. अशा बदललेल्या चट्ट्याचा फोटो तज्ज्ञालाही चकवतो.

आता विद्यार्थ्यांच्या ॲपकडे वळू. त्याची अचूकता समजून घेण्यासाठी एक काल्पनिक गणित करा. आरोग्य केंद्रावर पापुद्र्यांचे चट्टे घेऊन १००० रुग्ण आले आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर सोरायसिस आहे असे समजा. ॲपची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टताही ९० टक्के धरा.

सोरायसिस असलेल्या ५० पैकी ४५ जणांना ॲप 'होय' म्हणेल.
नसलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही ते 'होय' म्हणेल.
एकूण 'होय' १४०, त्यांत खरे ४५. म्हणजे ॲपचा 'होय' फक्त ३२ टक्के वेळा बरोबर.

मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवायला आलेल्यांपैकी समजा ३० टक्के सोरायसिसचे असतील. तिथे १००० पैकी ३०० खरे. ॲप त्यांतल्या २७० जणांना 'होय' म्हणेल, आणि उरलेल्या ७०० पैकी ७० जणांना चुकीचा 'होय' देईल. २७० भागिले ३४० म्हणजे ७९ टक्के. ॲप तेच, अचूकता तीच, पण जागा बदलली की 'होय'चे मोल बदलते. रुग्णालयातल्या फोटोंवर शिकवलेले आणि तिथेच तपासलेले ॲप गावच्या केंद्रावर तोंडघशी पडते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

चुकीच्या 'होय'ची किंमत कोण मोजतो? गजकर्ण असलेल्या माणसाला सोरायसिसचे स्टेरॉइड मलम मिळते आणि त्याचे गजकर्ण अंगभर पसरते. ॲपला मात्र ते कधीच कळत नाही.

हे टाळायचे असेल तर फोटोच्या आधी केंद्रावर तीन साध्या गोष्टी व्हायला हव्यात. पापुद्रा खरवडून केओएच द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बुरशी दिसू शकते. चट्ट्यावर कापसाने स्पर्श करून संवेदना तपासली तर कुष्ठरोगाचा विचार करायचा की नाही ते कळते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्न: घरात आणखी कोणाला खाज आहे का, आधी कोणते मलम लावले, त्याची ट्यूब आहे का, रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची कोणती गोळी चालू आहे. बीटा-ब्लॉकर आणि लिथियम यांसारख्या औषधांनी सोरायसिस उफाळतो. यांतली एकही गोष्ट कॅमेऱ्याला जमत नाही, आणि एकीलाही त्वचारोगतज्ज्ञ जागेवर असावा लागत नाही.

प्रश्नांच्या बाबतीत भाषेचा विचार विसरू नका. बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडच्या मराठी रुग्णाशी पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूत बसलेला कन्नड डॉक्टर बोलत असेल, तर 'खाज', 'आग' आणि 'दुखणे' यांतला फरक भाषांतरात हरवतो. चित्रांसह छापलेली प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत असणे ही सोय नाही, तो तपासणीचाच भाग आहे.

५. तीव्रता मोजणे

निदान झाल्यावर पुढचा प्रश्न असतो: आजार किती आहे, आणि उपचारांनी कमी झाला का? यासाठी १९७८ मध्ये मांडलेला पासी गुणांक आजही वापरतात. शरीराचे चार भाग करतात आणि प्रत्येकाला वजन देतात: डोके ०.१, हात ०.२, धड ०.३, पाय ०.४. प्रत्येक भागात लाली, जाडी आणि पापुद्रे यांना ० ते ४ गुण. त्या भागाची किती त्वचा व्यापली आहे त्याला ० ते ६ गुण: १० टक्क्यांहून कमी असेल तर १, १० ते २९ असेल तर २, ३० ते ४९ असेल तर ३, असे पुढे. तीन गुणांची बेरीज × क्षेत्राचा गुण × वजन, आणि मग चारही भागांची बेरीज. कमाल ७२.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ.
डोके: (२+१+२) × २ × ०.१ = १.०
हात: (२+२+२) × २ × ०.२ = २.४
धड: (२+२+१) × १ × ०.३ = १.५
पाय: (३+२+२) × ३ × ०.४ = ८.४
एकूण १३.३

साधारण १० च्या वरचा पासी हा मध्यम ते तीव्र सोरायसिसचा मानला जातो, म्हणजे मलमापलीकडच्या उपचारांचा विचार सुरू होतो. आता फोटोमुळे होणाऱ्या चुका घालून पाहा. फ्लॅशमुळे पायांवरची जाडी २ ऐवजी १ वाटली, तर बेरीज १.२ ने घटून १२.१ होते. मांडीच्या मागच्या बाजूचा फोटोच काढला नाही म्हणून क्षेत्राचा गुण ३ ऐवजी २ दिला, तर ती २.८ ने घटून १०.५ होते. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर पायांचे गुण ४.८ आणि एकूण ९.७. रुग्ण तोच, पण कागदावर तो रेषेच्या खाली गेला आणि त्याला नुसते मलम मिळाले.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. विद्यार्थी जवळच्या सुंदर फोटोंवर मेहनत घेतात, पण क्षेत्राची चूक जाडीच्या चुकीहून महाग पडते. म्हणून ठरावीक क्रमाने पुढून-मागून पूर्ण शरीराचे फोटो आधी, जवळचे फोटो नंतर. क्षेत्राचा अंदाज रुग्णालाही करता येतो: स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे १ टक्का.

पासीमध्ये मनाचा त्रास येत नाही. त्यासाठी १९९४ मध्ये आलेली डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची यादी आहे, तिचे गुण ० ते ३०. गेल्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना अडचण आली का, कामावर परिणाम झाला का, असे ते प्रश्न. सांध्यांसाठी पेस्ट नावाची पाच प्रश्नांची यादी आहे. तीन किंवा अधिक 'होय' आले तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचे. या दोन्ही याद्या फोनवरून, आशा कार्यकर्तीच्या मदतीने, तितक्याच चांगल्या भरता येतात. इथे दूरस्थपणामुळे काहीच हरवत नाही.

६. व्यवस्थापन: टेलिमेडिसिनची खरी जागा

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोरायसिसच्या २९६ प्रौढ रुग्णांचे दोन गट करून एकाला वर्षभर ऑनलाइन आणि दुसऱ्याला समक्ष उपचार दिले. आजाराची तीव्रता दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे, पण हे रुग्ण निदान झालेले होते हे विसरू नका. म्हणजे चाचणीने उत्तर दिले ते आमच्या मदतनिसांच्या प्रश्नाला, विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला नव्हे.

फेरतपासणीत दूरस्थ डॉक्टरने काय पाहायचे, याची दोन उदाहरणे घेऊ.

पहिले, मलम. बोटाच्या शेवटच्या पेराएवढे ट्यूबमधून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम असते आणि ते दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. रुग्णाचे ६ टक्के क्षेत्र व्यापले असेल तर एका वेळेला तीन पेरे, म्हणजे दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायला सांगितले असेल तर १५ ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपली पाहिजे. महिन्याने रुग्ण व्हिडिओवर अर्धी भरलेली ट्यूब दाखवत असेल, तर औषध निकामी ठरलेले नाही, ते लावलेच गेलेले नाही. उलट, जोरदार स्टेरॉइडच्या ट्यूबा भराभर संपत असतील तर तोही धोक्याचा इशारा आहे. 'ट्यूब दाखवा' या दोन शब्दांत एवढी माहिती मिळते, आणि त्यासाठी कोणालाही प्रवास करावा लागत नाही.

दुसरे, मेथोट्रेक्सेट. मध्यम ते तीव्र सोरायसिसवर हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. ही चूक जगभर होत आली आहे, आणि ती टाळणे बरेचसे आपल्या हातात, म्हणजे संगणकप्रणाली बनवणाऱ्यांच्या हातात आहे. ई-चिठ्ठीच्या फॉर्ममध्ये 'किती वेळा' या रकान्यात आधीच 'रोज' भरलेले असेल, तर दमलेल्या डॉक्टरच्या हातून ते तसेच राहू शकते. या औषधासाठी रोजचा पर्यायच बंद असावा, वार निवडल्याशिवाय चिठ्ठी पुढे जाऊ नये आणि छापील चिठ्ठीवर 'फक्त दर सोमवारी' असे रुग्णाच्या भाषेत अक्षरांत यावे. तोंडात फोड येणे, ताप, दम लागणे असे काही झाले तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचे, हेही त्याच कागदावर हवे.

हे औषध सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात. गर्भारपणात ते अजिबात चालत नाही. रक्त जवळच्या केंद्रावर काढून अहवाल तज्ज्ञाला दिसला, तर रुग्णाचा प्रवास वाचतो. पण अहवाल आला नाही आणि चिठ्ठीचे नूतनीकरण मात्र झाले, अशी प्रणाली नसलेलीच बरी. 'अहवालाशिवाय नूतनीकरण नाही' हा एक नियम प्रणालीत घालणे कोणत्याही चित्र-ओळख ॲपपेक्षा सोपे आहे, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचे.

७. कोणाला थेट रुग्णालयात पाठवायचे

पुढच्या रुग्णांसाठी व्हिडिओची वाट पाहू नये: जवळजवळ सगळे अंग लाल झालेला, ताप येऊन पुवाच्या पुटकुळ्या उठलेला, सांधे सुजून हालचाल बंद झालेला, गरोदर असून आजार उफाळलेला. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन एकाएकी बंद केलेल्या रुग्णाकडे विशेष लक्ष हवे, कारण त्यानंतर आजार गंभीर रूपात उलटू शकतो. हे प्रश्न फॉर्मच्या शेवटी नकोत, पहिल्या पानावर हवेत.

८. फोटो कोणाच्या फोनमध्ये राहतो?

सोरायसिस काखेत, जांघेत, गुप्तांगावरही होतो. अशा जागांविषयी विचारायचे, पण फोटोची सक्ती करायची नाही. केंद्रावर काढलेला फोटो कर्मचाऱ्याच्या खासगी फोनच्या गॅलरीत उरता कामा नये. तो प्रणालीतच काढला जावा आणि तिथेच राहावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती आणि ठरावीक हेतू यांना महत्त्व दिले आहे. अनेक घरांत फोन एकच असतो. 'तुमचा त्वचारोगाचा अहवाल आला' असा संदेश सासरच्या माणसाने आधी वाचला, तर ज्या तरुणीने आजार लपवला आहे तिचे काय होईल, याचा विचार संदेशाचा मजकूर लिहिणाऱ्यानेच करायचा असतो.

सारांश

सोरायसिसचे निदान काही भेटींत होते, व्यवस्थापन वर्षानुवर्षे चालते. पहिल्या निदानासाठी स्पर्श, खरवड-तपासणी आणि चौकशी लागते, फोटो त्याला फक्त मदत करतो. पुढच्या फेरतपासण्यांसाठी मात्र प्रमाण फोटो, दोन प्रश्नावल्या, रक्ताचे अहवाल आणि ट्यूब-गोळ्यांचा हिशोब पुरतो, आणि हे सगळे दुरून करता येते. म्हणून सार्वजनिक व्यवस्थेत एक समक्ष भेट पक्की करून तिच्याभोवती दूरस्थ भेटी गुंफणे हा शहाणपणाचा आराखडा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी शेवटी प्रकल्प बदलला. फोटो काढताना उजेड, अंतर आणि मोजपट्टी तपासणारा व औषधाच्या वाराची आठवण करून देणारा साधा कार्यक्रम त्यांनी लिहिला, आणि तो पहिल्यांदा आमच्या मदतनिसांनीच वापरून पाहिला.

स्वाध्याय

१. वरच्या काल्पनिक रुग्णाचे १२ आठवड्यांनंतरचे गुण असे आहेत: डोके ०.२, हात ०.६, धड ०.६, पाय २.४. पासी किती टक्क्यांनी कमी झाला? (उत्तर: सुमारे ७१ टक्के.)
२. विभाग ४ मधल्या उदाहरणात विशिष्टता ९० ऐवजी ९८ टक्के केली, तर आरोग्य केंद्रावरच्या 'होय'चे मोल किती होईल? संवेदनशीलता वाढवण्यापेक्षा इथे विशिष्टता वाढवणे का फायद्याचे, ते लिहा.
३. पांढरा कागद आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने एकाच वस्तूचे तीन वेगवेगळ्या उजेडांत फोटो काढा आणि रंगातील फरक मोजा.
४. मेथोट्रेक्सेटसाठी ई-चिठ्ठीच्या फॉर्मचा आराखडा काढा. कोणते रकाने अनिवार्य ठेवाल, कोणते पर्याय बंद कराल, आणि का?
५. तुमच्या परिसरात सोरायसिस असलेली व्यक्ती बोलायला तयार असेल, तर तिच्या गेल्या वर्षातल्या दवाखान्याच्या फेऱ्यांची यादी करा. प्रत्येक फेरी कशासाठी होती आणि तिच्यातल्या कोणत्या फेऱ्या दुरून झाल्या असत्या, ते ठरवा.